गाडीचं वय काय विचारता, ड्रम उघडून बघा

पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या मोटारीची नोंदणी पुढे पाच वर्षं चालू ठेवायची, तर एप्रिल 2022पासून 5,000 रुपये भरावे लागतात. त्याआधी 600 लागत. ऑगस्ट 2025मध्ये केंद्राने त्यावर आणखी एक पायरी चढवली आणि वीस वर्षांपुढच्या मोटारीसाठी हीच फी 10,000 केली. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. रस्ते वाहतूक खातं सांभाळणारे मंत्री आमच्या नागपूरचेच खासदार, त्यामुळे या विषयावर इथे प्रत्येक पानठेल्यावर मत तयार असतं. एक पक्ष म्हणतो, हे जुने डबे एकदाचे उचला रस्त्यावरून. दुसरा म्हणतो, ज्याला नवी गाडी झेपत नाही त्याने काय करावं बाप्पा? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण या भांडणात कुणी न मोजलेला एक तिसरा माणूस आहे. त्याच्याकडे रोजच्या ये-जा करायला दुसरी गाडी आहे आणि तरीही पोर्चमध्ये एखादी पद्मिनी, अँबेसेडर नाहीतर कार्बोरेटरवाली मारुती 800 उभी आहे. रविवारी बॉनेट उघडून तो हात काळे करतो. मी त्यांतलाच.

माझी तक्रार फीबद्दल नाही. हौसेला मोल नसतं हे आम्ही एरवी छाती फुगवून सांगतो; बंपरला क्रोम चढवून घ्यायला जो पैसे मोजतो, त्याने पाच वर्षांतून एकदा दहा हजारांसाठी गळा काढू नये. तक्रार आहे ती सरकार कशाचे पैसे घेतं याबद्दल. गाडीची जन्मतारीख बघून फी ठरते. एकाच महिन्यात नोंदवलेल्या दोन गाड्या, एकीचे ब्रेक लागतात, दुसरीचे लागत नाहीत. फी दोघींना सारखीच. नूतनीकरणाच्या वेळी गाडी दाखवावी लागते, हे खरं. पण माझ्या अनुभवात त्या तपासणीचा सगळा जोर ही गाडी तीच आहे ना, यावर असतो. चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट, दिवे, विमा, पीयूसी, झालं. चाक काढून आत बघताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

आणि जुन्या गाडीत जे काही जिवावर बेतणारं असतं, ते चाकाच्या आतच असतं. पद्मिनीला ड्रम ब्रेक. पेडल दाबलं की मास्टर सिलेंडर तेल ढकलतो, ते पाइपातून प्रत्येक चाकातल्या व्हील सिलेंडरपर्यंत जातं, तिथला रबरी कप पिस्टन लोटतो आणि पिस्टन शूला ड्रमवर दाबतो. सगळा कारभार त्या कपाच्या कडेवर. गाडी उभी राहिली की ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, सिलेंडरला आतून गंज धरतो, कपाची कड त्यावर घासून जाते आणि तेल थेंब थेंब शूवर उतरतं. मग ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते. बाहेरून गाडी चकाचक. नवा रंग, नवे सीटकव्हर, पॉलिश केलेली ग्रिल.

या रबरी कपांचं किट बदलल्यावर ब्रेकमधली हवा काढायची, हे एकट्याचं काम नव्हे. मी आत बसतो. मिस्त्री डाव्या मागच्या चाकाशी उकिडवे, कारण मास्टर सिलेंडरपासून ते सगळ्यात लांब. निपलला पारदर्शक नळी लावलेली, तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेलं. “मारा साहेब. मारा, मारा. आता धरून ठेवा.” निपल अर्धा आटा ढिला होतो, नळीतून बुडबुडे पळतात, पेडल पायाखालून फरशीकडे जातं. निपल कसला जातो. “सोडा.” पुन्हा तेच. बुडबुडे थांबले तरी ते आणखी चार-पाच वेळा मारायला लावतात, त्यांचा माझ्यावर आणि नळीवर विश्वास नाही. मग उजवं मागचं, मग डावं पुढचं, शेवटी ड्रायव्हरकडचं. यात अर्धा दिवस जातो, आणि या अर्ध्या दिवसाला सरकारी कागदावर कुठेच रकाना नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. जुन्या गाडीत जपण्याजोगं जे आहे, त्यातलं सर्वांत मोलाचं म्हणजे ती दुरुस्त करणारा हात. तो हात गाडी रस्त्यावर धावत राहिली तरच शाबूत राहतो. म्हणून धोरणाने वय मोजण्यापेक्षा अवस्था तपासावी, आणि जी गाडी तपासणीत उतरते तिला धावू द्यावं.

सरकारला जुन्या गाड्यांची कदर नाही, असंही नाही. जुलै 2021मध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र कलमं आली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न झालेली, अशी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी 20,000. बदल्यात अट अशी की गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच बाहेर.

संस्थानिकांच्या रोल्स-रॉइससाठी हे ठीक आहे. तसल्या गाड्या ट्रकवर चढून रॅलीला जातात आणि ट्रकवरूनच परततात. पण कारकुनाने, डॉक्टरने, कापडाच्या व्यापाऱ्याने ज्या गाड्या घेतल्या त्यांचं काय? पद्मिनी हे नावच 1970च्या दशकाच्या मध्यात आलं, म्हणजे त्यातल्या अगदी पहिल्या गाड्या आत्ता कुठे या व्याख्येच्या उंबरठ्याशी पोचल्या. मारुती 800ची पहिली गाडी डिसेंबर 1983मध्ये विकली गेली. ती 2033च्या अखेरीस व्हिंटेज होईल. मधली वीस-तीस वर्षं तिने काय करायचं? कायद्याच्या लेखी ती नुसती म्हातारी गाडी. एका बाजूने वाढती फी, दुसऱ्या बाजूने भंगारात दिल्यास नव्या गाडीच्या करात 25 टक्क्यांपर्यंत सवलत. पन्नाशीपर्यंत तग धरणारी गाडी बहुधा पैसेवाल्याचीच असेल, कारण झाकलेलं गॅरेज त्याच्याकडेच असतं. सामान्य माणसाच्या गाडीचा इतिहास असा आपोआप पुसला जाईल, आणि त्यासाठी कुणी मुद्दाम ठरवण्याचीही गरज पडणार नाही.

‘मूळ रूप’ ही अटही कागदावर जितकी सोपी दिसते तितकी नाही. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते, पत्र्याचा सांगाडा हीच चेसिस. पायाखालचा पत्रा सडला की तो कापून नवा वेल्ड करावा लागतो, नाहीतर गाडी मधून बसेल. हे बॉडीतला मोठा फेरफार म्हणायचं की डागडुजी? अँबेसेडरांचं तर विचारूच नका. पेट्रोल परवडेना तेव्हा आपल्याकडे लोकांनी त्यांत जे हाताला लागेल ते डिझेल इंजिन बसवलं. ती मूळ गाडी नाही, कबूल. पण टंचाईच्या देशात गाड्या कशा जगल्या याचा पुरावा म्हणून मला ती न वापरलेल्या गाडीपेक्षा जास्त बोलकी वाटते. (माझे काही मित्र या वाक्यावर मला वाळीत टाकतील. मूळ कंपनीचा स्क्रू मिळाला नाही म्हणून गाडी वर्षभर खोळंबवून ठेवणारी ही मंडळी आहेत.)

पन्नास वर्षांच्या आकड्याला आधार तरी काय? जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, फिवाची, व्याख्या तीस वर्षांची आहे. जर्मनीत 1997पासून तीस वर्षांपुढच्या गाडीला ‘एच’ अक्षराचा नंबर मिळतो, पण आधी तज्ज्ञ ती तपासतो. उत्तीर्ण झाली की ती साध्या रस्त्यावर मोकळेपणाने चालवता येते. ब्रिटनने मे 2018पासून चाळीस वर्षांपुढच्या बहुतेक गाड्यांना वार्षिक तपासणीतूनच सूट दिली. हे दुसरं उदाहरण आमच्यातले काही लोक फार आवडीने सांगतात. मला ते साफ नामंजूर आहे. जुन्या गाडीला तपासणी जास्त हवी, कमी नको.

वय हा किती कच्चा निकष आहे ते नागपुरात राहून जास्त कळतं. मुंबईच्या खाऱ्या हवेत पत्रा खालून कुरतडला जातो. दरवाजाच्या खालच्या कडेला बोट लावलं तर बोट आत. आमच्याकडे कोरड्या हवेत पत्रा टिकतो आणि रबर मरतं. काचेचं बीडिंग, रेडिएटरचे होज, पंपाचा डायफ्राम, ब्रेकचे कप, सगळं उन्हाळ्यात कडक होऊन तडकतं. मे महिन्यात पारा 45च्या पुढे गेला की जुन्या गाडीला एअर लॉक होतो. पेट्रोल पंप इंजिनलाच बोल्टने जोडलेला, इंजिन तापलं की पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. वर्धा रोडवर सिग्नलला गाडी बंद पडली की मागचे हॉर्न सहन करत बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि थांबायचं. म्हणजे एकाच वर्षी जन्मलेल्या मुंबईच्या आणि नागपूरच्या गाडीचे आजार वेगळे, धोके वेगळे. तरी फॉर्मवरचा प्रश्न दोघींना एकच.

आता दुरुस्तीच्या हाताबद्दल. हे कौशल्य आजवर हौशी लोकांनी जगवलेलं नाही, हे आधी मान्य करू. ते जगवलं टॅक्सीवाल्यांनी. पद्मिनी बनवणारा कुर्ल्याचा कारखाना 2000च्या सुमारास ही गाडी काढायची थांबला, पण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी धावत होत्या. त्या होत्या म्हणून ब्रेक किट, क्लच प्लेट, इंजिनातली ठिणगी सांभाळणारे पॉइंट आणि कंडेन्सर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांना गिऱ्हाईक होतं, आणि नागपुरातल्या दुकानदाराला निरोप धाडून माल मागवता येत होता. ऑक्टोबर 2023मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही उतरली. अँबेसेडरचं उत्पादन 2014मध्ये संपलं आणि कोलकात्यातल्या टॅक्सी पंधरा वर्षांच्या मर्यादेमुळे एकेक करून जात आहेत. सुट्या भागांचा बाजार आता हौशी लोकांच्याच जिवावर उरला आहे, आणि आमची संख्या तुटपुंजी. कंडेन्सर नवा घेतला तरी तो चालेलच असं नाही. थंड असताना गाडी छान चालते, तापली की मिसिंग करते. मग कबाड्याकडून आणलेला जुना, पण चांगल्या काळातला कंडेन्सर लावला की सुतासारखी सरळ.

इथे लेथवाला लागतो. जो भाग मिळत नाही तो बुश, पिन, शाफ्ट म्हणून घडवून देणारा. इतवारी असो की हिंगण्याची एमआयडीसी, अशी माणसं अजून आहेत, पण त्यांच्या दुकानात शिकाऊ पोरगं दिसत नाही. नव्या गाडीला स्कॅनर लावला की कोणता सेन्सर गेला ते पडद्यावर येतं. सेन्सर बदलायचा आणि बिल करायचं. त्यातही हुशारी लागते, मी हिणवत नाही. पण मॉड्यूल बदलणं आणि 0.4 मिलिमीटरच्या आसपासचा पॉइंटचा गॅप कार्डाच्या तुकड्याने जुळवणं, या दोन वेगळ्या विद्या आहेत. दुसरी गेली तर ट्रॅक्टर, मोटारपंप, पिठाची गिरणी दुरुस्त करणारी माणसंही विरळ होतात, कारण ती याच मुशीतून निघतात. ग्राहक व्यवहार खात्याने 2022मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तिच्या यादीत शेतीची अवजारं आणि मोटारी दोन्ही होत्या. हक्क मिळून तो वापरणारा मिस्त्रीच राहिला नाही, तर तो हक्क कुठे भरायचा?

प्रदूषणाचं काय, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला आमची बाजू गुळमुळीत उत्तरं देते. नवी गाडी बनवताना किती कार्बन निघतो, म्हणून जुनी वापरणं बरं, हा युक्तिवाद रोज जुनीच गाडी वापरणाऱ्याने करावा. माझ्या दारात नवीही आहे, त्यामुळे मला तो लागू नाही. आकडे तर स्पष्ट आहेत. 2000च्या आधीच्या पेट्रोल मोटारीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांपर्यंत चालतो, बीएस-4 गाडीला 0.3 टक्के. दहापट. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेली गाडी तेवढ्याच अंतरात जास्त घाण करते, यात वाद घालण्यासारखं काही नाही. म्हणूनच अंतरावर मर्यादा हवी. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या मूठभर गाड्या कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्यांखाली राहणाऱ्या शहराची हवा ठरवत नाहीत. रोज शंभर किलोमीटर चालणारा धुरकट टेम्पो जास्त ठरवतो. पण ‘मूठभर आहोत’ ही सबब सांगायची तर मूठभर राहण्याची हमी आम्हीच दिली पाहिजे. छंदाच्या नावाखाली कुणी रोज माल वाहायला लागला तर त्याची सवलत तिथेच काढून घ्यावी.

जुन्या गाड्यांना इलेक्ट्रिक मोटर बसवा, असंही सुचवलं जातं. ज्याला हवं त्याने बसवावी. मिस्त्रीच्या हाताचा प्रश्न त्याने सुटत नाही.

खरा धोका मला फीपेक्षा पेट्रोलमध्ये दिसतो. देशभर पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल 2022मध्ये आलं, 20 टक्के 2025मध्ये. उसाच्या आणि मक्याच्या शेतकऱ्याला त्यातून बाजार मिळतो, तेलाची आयात घटते, यावर माझा आक्षेप नाही. पण जुन्या गाडीत इथेनॉल तीन ठिकाणी बाधतं. डायफ्राम आणि होजचं जुन्या जातीचं रबर त्यात फुगतं नाहीतर चिरतं. कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक, म्हणजे जेट, ठरावीक मापाचं, आणि इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं. मे महिन्यात हे नको असतं. तिसरं म्हणजे पाणी. इथेनॉल पाणी ओढतं, आणि पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत ते पाणी इथेनॉलसकट तळाला बसू शकतं.

पेट्रोलियम मंत्रालयाचं यावर म्हणणं असं की काही जुन्या वाहनांत 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर थोडे रबरी भाग आणि गास्केट बदलावे लागतील, आणि ते फार महाग नाहीत. रोज धावणाऱ्या गाडीसाठी हे बरोबरही असेल. माझ्यासारख्याची गाडी तेवढं अंतर कापायला दहा-पंधरा वर्षं घेते. तिला त्रास धावण्याचा नाही, उभं राहण्याचा आहे, आणि त्या हिशेबात उभ्या गाडीला जागाच नाही.

इंधन बदललं म्हणून जुन्या गाड्या मरतातच असंही नाही. 2000मध्ये देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं तेव्हाही जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट लवकर झिजतील, अशी धास्ती होती. हेडचं काम निघालं की लेथवाल्याकडून कठीण धातूच्या सीट बसवून घ्यायच्या, एवढ्यावर ते निभावलं. इथेनॉलचंही निभावेल, जर इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे डायफ्राम आणि होज बनले. ते बनवायला गिऱ्हाईक लागतं आणि गिऱ्हाईक टिकायला गाड्या रस्त्यावर लागतात. तोवर शहरातल्या एक-दोन पंपांवर कमी इथेनॉलचं पेट्रोल ठेवावं, हवं तर चढ्या भावाने. ब्रिटनने सप्टेंबर 2021मध्ये साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल आणलं, तेव्हा महागड्या सुपर पेट्रोलमध्ये 5 टक्क्यांचीच मर्यादा जुन्या गाड्यांसाठी ठेवली. जास्तीचे पैसे द्यायला आम्ही तयार आहोत, हे वर सांगितलंच.

मग हवं काय? तीस वर्षांपुढच्या खासगी गाडीसाठी छंदाच्या वाहनाचा वेगळा वर्ग. फी दहा हजारच राहू द्या, पण त्या पैशात दर दोन वर्षांनी खरी तपासणी करा. चारही ड्रम उघडायचे, स्टिअरिंगचा प्ले मोजायचा, गाडी उचलून खालचा पत्रा हातोडीने ठोकून बघायचा, पुढच्या दोन सीटना पट्टे आहेत का ते पाहायचं. नसतील तर बसवायला लावायचे, आणि मूळ रूप बिघडतं अशी हरकत कुणी काढली तर ऐकायची नाही. सडलेला पत्रा योग्य जाडीच्या पत्र्याने बदलला तर ती डागडुजीच धरायची. वर्षाचं अंतर ठरवून द्यायचं. समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी 120ची मुभा आहे. तिथे सत्तरने चालणारी पद्मिनी मागच्यांच्या जिवाला धोका, तेव्हा तो रस्ता या वर्गाला बंद. यावर आमच्यातले काही नाराज होतील. होऊ देत.

आजच्या तपासणी केंद्रांत कार्बोरेटर ओळखणारा माणूस सापडेल का, ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे ज्यांना येतं त्यांनाच बोलावणं. गॅरेजमध्ये तीस-चाळीस वर्षं काढलेल्या मिस्त्रींची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यावी, उतरतील त्यांना आरटीओच्या निरीक्षकासोबत दुसरा तपासनीस म्हणून नेमावं, दर गाडीमागे मानधन द्यावं आणि सोबत आयटीआयचे दोन विद्यार्थी उभे करावेत. खोट्या सह्या होतील ही भीती आहेच. म्हणून अहवालावर मिस्त्रीचं नाव हवं, उघडलेल्या चारही ड्रमचे फोटो जोडलेले हवेत, आणि सहा महिन्यांत तोच ब्रेक फेल झाला तर त्याचा परवाना जावा. अंतर मात्र मीटरवरून धरू नये. पद्मिनीची मीटरची केबल तुटते तरी, नाहीतर मालक ती तोडतो तरी. दर वर्षीच्या विम्याच्या वेळी फोटो आणि पाच वर्षांतून एकदा टायरवरची उत्पादनाची तारीख पाहिली, तर गाडी खरोखर किती चालली याचा अंदाज कुणाही मिस्त्रीला येतो.